झाकणाची गिरकी आणि कृष्णविवरांचा सूर

स्टीलच्या डब्याचं झाकण हातातून निसटून फरशीवर पडलं की काय होतं, हे प्रत्येक घराला माहीत आहे. आधी ते ऐटीत डोलतं. डंऽग, डंऽग असा सावकाश आवाज येतो. मग ते कलत जातं, ठोक्यांमधली अंतरं कमी होतात, ठोके एकमेकांत मिसळून नुसती थरथर उरते, सूर चढत जातो आणि एकाएकी सगळं गप्प. या रोजच्या आवाजात एक कोडं आहे. झाकणाची ऊर्जा तर संपत चाललेली असते. मग ठोके मंदावण्याऐवजी घाई का करतात?

झाकण जितकं आडवं होतं, तितका त्याचा फरशीला टेकलेला बिंदू कडेकडेनं अधिक जोरात पळतो, हे त्याचं उत्तर. ऊर्जा जाते आणि वेग वाढतो.

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. महाराष्ट्रात गणपती तीन दिवसांवर आले होते. भारतात दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली होती, तेव्हा अमेरिकेत लिव्हिंग्स्टन इथल्या ‘लायगो’ या वेधशाळेच्या यंत्रात एक थरथर उमटली. सुमारे ७ सहस्रांश सेकंदांनी, तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या हॅनफर्डच्या यंत्रातही तीच उमटली. सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याचा. सुरुवातीला सेकंदाला ३५ हेलकाव्यांचा वेग, शेवटी अडीचशेचा, आणि मग शांतता. झाकणासारखीच.

त्या थरथरीवरून शास्त्रज्ञांनी ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला सांगितलं, की सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एक झाली आहेत. एक सूर्याच्या ३६ पट वजनाचं, दुसरं २९ पट. दोन्ही मिळून बनलेलं विवर ६२ पट. ही विवरं कुणी पाहिली नव्हती, दुर्बिणीतून दिसण्यासारखं तिथं काही नव्हतंही. तरी त्यांची वजनं सांगता आली, कारण अशी जोडी विलीन होताना कशी थरथर निघेल याचं गणित तोवर तयार होतं. त्या गणिताला जवळपास शंभर वर्षं लागली, आणि त्यातला काही महत्त्वाचा वाटा बंगळूरू आणि पुण्यातल्या टेबलांवर लिहिला गेला.

जवळ येण्याची किंमत

आइन्स्टाइननं १९१५ साली सामान्य सापेक्षता सिद्धांत पूर्ण केला. त्याच्या मते गुरुत्वाकर्षण ही ओढणारी दोरी नव्हे. जड वस्तूभोवती अवकाश आणि काळ दोन्ही वाकतात आणि त्या वाकण्यातून दुसऱ्या वस्तूंचे मार्ग ठरतात. जड वस्तू एकमेकींभोवती फिरू लागल्या, की हे वाकणं जागच्या जागी राहत नाही. तळ्यात हात गोल फिरवावा तशा त्याच्या लाटा बाहेर पसरतात. या गुरुत्वीय लहरी. १९१६ साली आइन्स्टाइननं त्या मांडल्या. पुढे १९३६ च्या सुमारास खुद्द त्यालाच त्यांच्या अस्तित्वाविषयी शंका आली होती, इतकं हे गणित निसरडं आहे.

लहरी ऊर्जा घेऊन जातात. ती जाते फिरणाऱ्या जोडीच्या खात्यातून. ऊर्जा कमी झाली की जोडी जवळ येते, जवळ आली की अधिक वेगानं फिरते, अधिक वेगानं फिरली की आणखी जोरदार लहरी सोडते. झाकणाची कारणं वेगळी, पण चाल हीच.

याचा पहिला भक्कम पुरावा १९७४ साली हाती लागला. रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांना पावणेआठ तासांत एकमेकांभोवती फेरी मारणाऱ्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची जोडी सापडली. पुढची कित्येक वर्षं मोजमाप केल्यावर दिसलं, की फेरीचा काळ दर वर्षी सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या काही पटींनी घटतो आहे, आणि तोही आइन्स्टाइनच्या हिशेबाबरहुकूम. लहर थेट पकडली गेली नव्हती, पण खात्यातून ऊर्जा वजा होताना दिसत होती. १९९३ चं नोबेल या दोघांना मिळालं.

एसटी स्टँडवरची घोषणा

गर्दीच्या दिवशी एसटी स्टँडवर उभं राहावं. गाड्यांची घरघर, फेरीवाले, रडणारी पोरं आणि त्यात भोंग्यावरची घोषणा. शेजारच्याला त्यातलं अक्षर कळत नाही, पण आपल्या गावाचं नाव पुकारलं की ते बरोबर कानात शिरतं. कान तेवढेच, गोंगाटही तेवढाच. फरक इतकाच, की काय ऐकायचं आहे ते मनात तयार असतं.

लायगोची गरज हीच आहे. यंत्राच्या नोंदीत दूरच्या समुद्राच्या लाटांची धडक असते, रस्त्यावरचा ट्रक असतो, आरशांच्या अणूंची स्वतःची थरथर असते, लेसरच्या प्रकाशकणांची चुळबुळ असते. त्याखाली खरी लहर दबलेली. म्हणून आधी गणितानं अपेक्षित लहरीचा आलेख काढायचा. त्याला साचा म्हणू. तो नोंदीवर सरकवत न्यायचा आणि प्रत्येक ठिकाणी दोहोंचा गुणाकार करून बेरीज घ्यायची. जिथं साचा वर आणि नोंदही वर, तिथं गुणाकार धन. दोन्ही खाली, तरी धनच. गोंगाट मात्र कधी साच्याच्या बाजूनं, कधी विरुद्ध, त्यामुळे त्याची बेरीज आपोआप खोडली जाते. खरी लहर असेल तिथं बेरीज डोकं वर काढते.

यात एक अट आहे आणि ती कडक आहे. लेझीम पथकात एक रांग अर्ध्या ठोक्यानं मागे पडली, की समोरचा हात वर असताना तिचा खाली असतो. साचा खऱ्या लहरीच्या अर्धा हेलकावा मागेपुढे झाला, की धनाचं ऋण होतं आणि जमलेली बेरीज विरघळते. लहर जितकी लांब, तितका हा धोका मोठा.

२६ डिसेंबर २०१५ ची नोंद याचा उत्तम दाखला आहे. सूर्याच्या १४ आणि ८ पट वजनाच्या विवरांची ती लहर. सुमारे एका सेकंदात ५५ हेलकावे, पण इतके क्षीण की आलेखाकडे कितीही वेळ टक लावून बघितलं तरी डोळ्याला काही दिसत नाही. साचा लावल्यावर मात्र ती ठामपणे उभी राहते. ५५ हेलकाव्यांच्या शेवटापर्यंत ठोका न चुकवणारं गणित नसतं, तर ती टक्कर कुणालाच कळली नसती.

चौकट : लायगो नेमकं काय मोजतं?
*इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकारात ४ किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या. एकच लेसर किरण दुभंगून दोन्हींत जातो, टोकाच्या आरशांवर आपटून परत येतो आणि पुन्हा एक होतो. गुरुत्वीय लहर जाताना एक बाजू किंचित ताणते, दुसरी आकसते, मग पुन्हा उलट. २०१५ च्या लहरीनं दोन बाजूंच्या लांबीत पाडलेला फरक जास्तीत जास्त एका प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता.*

लाल मातीतली कुस्ती

साचा काढायचा म्हणजे दोन विवरांच्या हालचाली समीकरणांतून सोडवायच्या. न्यूटनच्या गणितात दोन वस्तूंचा प्रश्न कागद-पेन्सिलीवर पूर्ण सुटतो. आइन्स्टाइनच्या गणितात तो आजही तसा सुटलेला नाही.

तालमीतल्या हौद्याची भुसभुशीत लाल माती डोळ्यांसमोर आणावी. न्यूटनचे पैलवान फरशीवर खेळतात, फरशी हलत नाही. आइन्स्टाइनचे पैलवान मातीत. प्रत्येक पावलानं माती दबते, सरकते, ढीग होते, आणि त्या बदललेल्या मातीमुळे पुढचं पाऊल वेगळं पडतं. पैलवान कुठे जाणार हे माती ठरवते, माती कशी होणार हे पैलवान. एकमेकांत गुंतलेली अशी दहा समीकरणं एकदम सोडवावी लागतात. कृष्णविवरांच्या बाबतीत तर पैलवान असा वेगळा काही नसतोच. विवर म्हणजे कमालीचा वाकलेला अवकाशच. मातीचीच मातीशी कुस्ती.

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी प्रश्नाचे तीन तुकडे केले. दूर असताना एकमेकांभोवती फिरणं, प्रत्यक्ष टक्कर, आणि टकरीनंतर नव्या विवराचं स्थिरावणं.

पहिल्या तुकड्यासाठी वाण्याच्या तराजूची रीत चालते. आधी किलोचं वजन टाकायचं, मग दोनशे ग्रॅमचं, मग पन्नासचं, असं करत खऱ्या तोलाजवळ जायचं. विवरं दूर आणि त्यामानानं सावकाश असतात तेव्हा न्यूटनचं उत्तर हे किलोचं वजन. त्यावर सापेक्षतेच्या दुरुस्त्या चढवत जायच्या, प्रत्येक आधीपेक्षा लहान. ऐकायला सोपं, पण एकेका दुरुस्तीचं गणित पानंच्या पानं भरतं आणि तिला वर्षं लागतात. १९९५ साली या मालिकेतला एक कळीचा टप्पा पार झाला. त्या शोधनिबंधावर फ्रान्स-अमेरिकेच्या शास्त्रज्ञांबरोबर बंगळूरूच्या रामन संशोधन संस्थेतले बाला अय्यर यांचं नाव आहे. लुक ब्लाँशे, थिबो दामूर, क्लिफर्ड विल आणि अॅलन वाइजमन हे त्यांचे सहलेखक.

शेवटच्या काही फेऱ्यांत मात्र ही रीत दगा देते. विवरांचा वेग प्रकाशाच्या निम्म्यावर गेला, की पुढचं वजन आधीपेक्षा लहान राहत नाही आणि तोल जमत नाही. २०१५ च्या जोडीचं त्या वेळचं चित्र अंगावर येतं. सूर्याच्या तीसेक पट वजनाच्या दोन वस्तू, मुंबई ते छत्रपती संभाजीनगर एवढ्या अंतरावर, सेकंदाला ७५ फेऱ्या मारताहेत.

चाळीस वर्षं जुळेना असा हिशेब

इथून पुढे महासंगणकाशिवाय गती नाही. वहीच्या पानांच्या कोपऱ्यावर पोरं चित्रं काढतात, प्रत्येक पानावर किंचित बदललेलं, आणि पानं भराभर सोडली की माणूस पळताना दिसतो. संगणकही अवकाशाचं एका क्षणाचं ‘पान’ घेतो, त्यावर बारीक जाळं आखतो, समीकरणांवरून पुढचं पान काढतो, मग त्यापुढचं.

सुझन हान आणि रिचर्ड लिंडक्विस्ट यांनी हा प्रयोग १९६४ साली आयबीएम ७०९० या संगणकावर केला. नंतर चार दशकं जगभरच्या गटांनी तो नेटानं पुढे रेटला. १९९० च्या दशकात अमेरिकेत अनेक विद्यापीठांची मोठी आघाडी त्यासाठी उभी राहिली. तरीही विवरांची एक पूर्ण फेरी होण्याआधीच संगणक कोलमडायचा.

दोन अडचणी होत्या. विवराच्या पोटात वाकणं अनंत होतं, आणि अनंताचा आकडा संगणकाला पेलत नाही. दुसरी अडचण जास्त छळणारी होती. जुन्या पेढीवर रोजमेळ लिहिणारा मुनीम पहिल्या दिवशी एका पैशाची चूक करतो. ती चूक दुसऱ्या दिवशी पुढे ओढली जाते, तिच्यावर नवी चूक बसते, आणि महिन्याअखेर जमा-खर्चाचा ताळमेळ राहत नाही. आइन्स्टाइनच्या समीकरणांतही असा ताळमेळ प्रत्येक पानावर जुळावा लागतो. संगणकात शेवटचे दशांश सोडून द्यावे लागतात, त्या बारीक चुका पानागणिक फुगत जायच्या आणि शेवटी सगळा हिशेबच गिळायच्या.

२००५ साली फ्रान्स प्रिटोरियस या तरुण संशोधकानं कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, जवळपास एकट्यानं हे कोडं फोडलं. विवराच्या आतून बाहेर काहीच येत नाही, मग आतला भाग हिशेबातून कापून टाकला तर बाहेर काय बिघडणार? तो त्यानं कापला. जाळं आखण्याची रीत बदलली. आणि समीकरणांत अशी पदं घातली, की चूक दिसली रे दिसली की पुढच्या पानावर ती आपोआप दाबली जावी. त्याच्या संगणकावर दोन विवरं फिरली, भिडली, एक झाली आणि शांतही झाली. काही महिन्यांतच टेक्सास विद्यापीठाच्या ब्राउन्सव्हिल शाखेतल्या आणि नासाच्या गॉडार्ड केंद्रातल्या दोन गटांनी, एकमेकांच्या नकळत, वेगळ्याच वाटेनं तेच साधलं. त्यांनी विवराच्या आतला तो अवघड बिंदू जाळ्यावर खिळवून ठेवायचं सोडलं आणि त्याला मोकळं फिरू दिलं. चाळीस वर्षं अडलेलं काम एका वर्षात तीनदा झालं.

घंटेचा नाद

तिसरा तुकडा यातला सर्वांत देखणा. देवळातली घंटा कुणीही वाजवली, हळू किंवा जोरात, तरी तिचा नाद तिचाच असतो. तो ठरतो तिच्या आकारावरून आणि धातूवरून.

सी. व्ही. विश्वेश्वरा हे बंगळूरूचे. अमेरिकेत संशोधन करत असताना त्यांनी प्रश्न विचारला, की कृष्णविवरावर गुरुत्वीय लहरींचा झोत सोडला तर काय परत येईल? त्यांनी संगणकात हा प्रयोग मांडला. रुंद झोत सोडला तेव्हा विशेष काही दिसेना. झोत अरुंद करत ते विवराच्या आकाराजवळ आले, आणि परत येणाऱ्या लहरीत झपाट्यानं विरत जाणारा एक नाद उमटला. १९७० साली तो ‘नेचर’मध्ये छापून आला. विवर हे घंटेसारखं वाजतं आणि तो नाद त्याचं वजन आणि गिरकी सांगतो. ‘कृष्णविवर’ हे नावच तेव्हा नवं होतं. २०१५ च्या लहरीत टकरीनंतरच्या काही सहस्रांश सेकंदांत तोच नाद शास्त्रज्ञांनी तपासला. विश्वेश्वरा २०१७ च्या जानेवारीत गेले. म्हणजे आपल्या गणितातला नाद खरोखर ऐकू आल्याचं त्यांना पाहायला मिळालं, आणि ही गोष्ट मनाला फार बरी वाटते.

गोधडी आणि चपलांचे नंबर

तीन तुकडे हाती आले, तरी साचा एकसंध हवा. १९९९ साली अलेसांद्रा बुओनान्नो आणि थिबो दामूर यांनी दोन विवरांच्या नाचाचं रूपांतर एकाच काल्पनिक वस्तूच्या चालीत करण्याची युक्ती काढली आणि टकरीपर्यंत गणित ओढत नेलं. महासंगणकाची उत्तरं मिळू लागल्यावर ती या गणितात भरून ते अधिक नेमकं करता आलं. दुसरी वाट गोधडीची. फिरण्याचा तुकडा, टकरीचा तुकडा, नादाचा तुकडा, आणि सांध्यावर असे टाके की शिवण कळू नये. ही वाट पाडणाऱ्यांत परमेश्वरन अजित हे ठळक नाव, सध्या ते बंगळूरूच्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्रात आहेत.

हे सारं करायचं कारण वेळ. महासंगणकावर एक टक्कर चालवायला आठवडे, कधी महिने लागतात. वजनं, गिरक्यांचे जोर आणि दिशा, अंतर, कोन असं सगळं धरलं तर एका टकरीचं वर्णन करायला पंधराएक आकडे लागतात. त्यांच्या सगळ्या जोडण्या कुणीच चालवू शकत नाही. म्हणून मोजक्या ठिकाणी पर्जन्यमापकं बसवून मधल्या गावांचा पाऊस काढतात, तशा मोजक्या टकरी अचूक चालवून मधल्या साऱ्यांचे आलेख त्यांच्यावरून काढले जातात. ते सेकंदाच्या अंशात मिळतात.

आता प्रश्न उरतो, साचे ठेवायचे किती? चपलांचं दुकान प्रत्येक पायासाठी वेगळा जोड ठेवत नाही. सात, आठ, नऊ असे नंबर असतात आणि त्यांच्यातलं अंतर असं, की कुणाचाही पाय फार चावू नये. नंबर फार विरळ ठेवले तर गिऱ्हाईक जातं, फार दाट ठेवले तर दुकानात जागा पुरत नाही. गुरुत्वीय लहरींसाठी हा हिशेब पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी मांडला. त्यांचा शोधनिबंध १९९१ चा. त्या वेळी लायगोची इमारतही उभी नव्हती. २०१५ च्या पहिल्या शोधात सुमारे अडीच लाख साचे वापरले गेले, आणि ते किती अंतरानं ठेवायचे याच्या विचाराचं मूळ या कामात आहे.

थरथर वाचायची कशी?

१४ सप्टेंबरची लहर आधी सापडली ती साच्याविना, हेही सांगायला हवं. दोन्ही यंत्रांत एकदम काही उसळलं का, एवढंच पाहणाऱ्या एका संगणकप्रणालीनं तीन मिनिटांत ती टिपली. लहर तेवढी दणदणीत होती. पण ‘काहीतरी झालं’ आणि ‘काय झालं’ यांत मोठं अंतर आहे, आणि ते साच्यांनी कापलं.

सूर किती घाईनं चढतो यावरून दोन वजनांचं एक ठरावीक मिश्रण कळतं. जड जोडीचा सूर भराभर चढतो, हलकीचा रेंगाळत. सूर कुठवर चढून तुटतो यावरून एकूण वजन कळतं, कारण जड विवरं मोठी असतात आणि लवकर भिडतात. शेवटच्या नादावरून नव्या विवराचं वजन आणि गिरकी. राहिलं अंतर. ढोल केवढा आहे हे कळलं, की कानावर पडलेल्या आवाजावरून तो किती लांब वाजतो आहे ते सांगता येतं, इथंही तसंच.

मग साधी वजाबाकी. ३६ आणि २९ मिळून ६५. उरलं ६२. तीन सूर्यांइतकं वस्तुमान सेकंदाच्या अंशात लहरींची ऊर्जा होऊन निघून गेलं. ऐन टकरीच्या क्षणी त्या लहरींची शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशापेक्षा जास्त होती.

औंढ्याची वाट आणि एक अडलेला कोपरा

हिंगोली जिल्ह्यात, ज्योतिर्लिंगासाठी ओळखल्या जाणाऱ्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभं राहायचं आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. लहर पृथ्वीवरच्या वेगवेगळ्या ठिकाणी किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचते आणि त्या फरकावरून ती आकाशाच्या कुठल्या दिशेनं आली ते कळतं. अमेरिकेतल्या दोन्ही यंत्रांपासून इतक्या दूर मराठवाड्यात एक कान असला, तर दिशा कितीतरी नेमकी सापडेल.

कान सुधारले की साच्यांची परीक्षा आणखी कडक होते. १४ जानेवारी २०२५ ला आलेली लहर २०१५ च्या लहरीसारखीच होती, पण यंत्रं सुधारल्यामुळे गोंगाटातून तिप्पट स्पष्ट ऐकू आली. तिच्यात घंटेचे दोन वेगवेगळे नाद वेगळे काढता आले.

उलट २३ नोव्हेंबर २०२३ च्या लहरीनं साच्यांना घाम फोडला. सूर्याच्या साधारण १३७ आणि १०३ पट वजनाची विवरं, बनलेलं विवर सुमारे २२५ पट, आणि लहर सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाची. दोन्ही विवरं प्रचंड वेगानं स्वतःभोवती फिरत होती. गिरकीचा आस कलता असला, की फिरण्याचं अख्खं प्रतलच भोवऱ्यासारखं डुलतं आणि लहरीचा आलेख फुगत-ओसरत राहतो. साचे काढण्याच्या पाच वेगवेगळ्या रीती लावल्या गेल्या, आणि त्यांच्या उत्तरांत लक्षात येण्याजोगा फरक पडला. कारण सरळ आहे. इतक्या वेगवान गिरकीच्या टकरी महासंगणकावर चालवणं अतिशय अवघड, त्यामुळे त्या भागात पर्जन्यमापकंच कमी. तो कोपरा भरण्यासाठी आता एकेक टक्कर आठवडेच्या आठवडे चालवली जाते, जाळं आणखी बारीक केलं जातं, आणि रोजमेळ पुन्हा पहिल्या पानापासून तपासला जातो.